मैदानावरील ओळख आणि पडद्याची ओढ

महाराष्ट्रात खेळाडूला गाव ओळखते ते त्याच्या खेळावरून. कुस्तीच्या फडात नाव काढणाऱ्या मल्लाची ओळख घराण्याबरोबरच तालमीच्या नावानेही करून देण्याची रीत कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत जुनी आहे. १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक देणारे खाशाबा जाधव हे कराडजवळच्या गोळेश्वरचे. सत्तर वर्षे उलटून गेली, तरी गोळेश्वरचे नाव निघाले की त्यांचे नाव निघते. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे गाव अविनाश साबळे यांच्यामुळे आणि सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील मोही हे गाव ललिता बाबर यांच्यामुळे देशाला माहीत झाले. खेळाने माणसाला ओळख द्यावी आणि त्या माणसाने गावाला द्यावी, ही परंपरा अभिमान वाटावा अशीच आहे.

याच परंपरेतून पुढे आलेले तरुण-तरुणी आज राज्यातील विद्यापीठांच्या संघांतून खेळत आहेत. त्यांपैकी अनेकांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचणारी ही पहिलीच पिढी असते आणि महाविद्यालयाचे दार त्यांच्यासाठी पुष्कळदा खेळानेच उघडलेले असते. त्यांच्या हाती आज भ्रमणध्वनी आहे. पूर्वी सामना जिंकल्याची वार्ता दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून किंवा एस.टी.ने गावी परतलेल्या सोबत्याकडून कळे. आता सामना संपण्यापूर्वीच तिचे चलचित्र गावातील प्रत्येक गटावर फिरू लागते. कौतुक तात्काळ मिळते, आणि टीकाही तात्काळ मिळते. आपण खेळाडू आहोत ही तरुणाची जाणीव आणि समाजमाध्यमांची त्याला लागणारी ओढ, या दोहोंचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरला आहे. शिक्षक, क्रीडा अधिकारी आणि गावकारभारी या सर्वांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

‘मी खेळाडू आहे’ याचा अर्थ

क्रीडा-मानसशास्त्रात ‘खेळाडू म्हणून असलेली ओळख’ ही एक स्वतंत्र संकल्पना मानली जाते. मनुष्य स्वतःकडे किती प्रमाणात खेळाडू या नात्याने पाहतो, हे तिच्यावरून कळते. अमेरिकेतील ब्रिटन ब्रूअर, ज्युडी व्हॅन राल्टे आणि डार्विन लिंडर या संशोधकांनी १९९३ साली ही ओळख मोजण्यासाठी दहा विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. पुढे तिचे सात विधानांचे संक्षिप्त रूप प्रचारात आले. खेळाडूने प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत हे सांगावयाचे आणि त्यावरून त्याच्या ओळखीचे बळ ठरवावयाचे, अशी ही साधी पद्धत आहे.

या ओळखीचे तीन पदर सांगितले जातात. पहिला पदर सामाजिक आहे. मित्र, नातेवाईक, शिक्षक आपल्याला खेळाडू म्हणून ओळखतात, ही ती भावना. दुसरा पदर एकांगीपणाचा आहे. खेळ हीच आयुष्यातील सर्वांत मोठी गोष्ट आणि बाकी सारे गौण, असे वाटणे त्यात येते. तिसरा पदर प्रतिकूल भावनांचा आहे. खेळ वाईट झाला, दुखापतीने तो थांबला, तर आपलीच किंमत उतरली असे वाटणे, हे त्याचे लक्षण.

पहिला पदर माणसाला आधार देतो. पहाटे पाचला उठण्याची शिस्त, संघातील मैत्री, मार्गदर्शकाचा धाक आणि जिव्हाळा हे सारे त्याच्याच पोटी येते. दुसरा आणि तिसरा पदर प्रमाणाबाहेर वाढला, तर मात्र तोच आधार ओझे होऊन बसतो. म्हणूनच या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता की, ही ओळख हर्क्युलिसचे बळकट स्नायू समजावी की अकिलिसची दुबळी टाच? मराठी वाचकाला येथे दुर्योधनाची मांडी आठवेल. सर्व देह वज्राचा, पण एक जागा कच्ची राहिली आणि घाव नेमका तेथेच बसला.

तरुण वयात हा धोका अधिक असण्याचे कारणही मानसशास्त्राने दाखविले आहे. विद्यार्थिदशा हा निरनिराळ्या वाटा चाचपून पाहण्याचा आणि त्यांतून स्वतःची ओळख घडविण्याचा काळ असतो. जेम्स मार्शिया या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली अशी मांडणी केली की, काही तरुण ही चाचपणी न करताच एखादी ओळख स्वीकारतात आणि बाकीची दारे लावून घेतात. दहाव्या-बाराव्या वर्षी क्रीडा प्रशिक्षणासाठी घर सोडलेल्या मुलामुलींच्या बाबतीत असे होणे अगदी स्वाभाविक आहे. त्यात त्यांचा दोष नसतो. भोवतालची सर्व माणसे त्यांच्याशी केवळ खेळाविषयीच बोलत असतात.

सवय कोठे संपते आणि आसक्ती कोठे सुरू होते

समाजमाध्यमांच्या बाबतीत ‘व्यसन’ हा शब्द आज सरसकट वापरला जातो. तो जपून वापरला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिच्यात डिजिटल खेळांच्या अतिरेकाला विकार म्हणून स्थान मिळाले; समाजमाध्यमांच्या वापराला मात्र असे स्वतंत्र स्थान दिलेले नाही. तेव्हा भ्रमणध्वनी हातात दिसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला व्यसनी ठरविणे शास्त्राला धरून होणार नाही.

तथापि आसक्ती ओळखण्याच्या काही खुणा आहेत. नॉर्वेतील बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली अशा सहा खुणांवर आधारलेली प्रश्नावली तयार केली. ती प्रथम फेसबुकपुरती होती. नंतर तिचा विस्तार सर्व समाजमाध्यमांसाठी करण्यात आला. मन सतत त्याच विचारात गुंतणे. पूर्वीइतकेच समाधान मिळण्यासाठी वापर वाढवीत न्यावा लागणे. दुःख किंवा चिंता विसरण्यासाठी त्याचाच आश्रय घेणे. कमी करण्याचा प्रयत्न वारंवार फसणे. ते न मिळाल्यास अस्वस्थ किंवा चिडचिडे होणे. आणि त्यापायी अभ्यास, काम व नातेसंबंध यांची हानी होणे, या त्या सहा खुणा होत. दिवसाकाठी किती तास, हा प्रश्न येथे दुय्यम आहे. त्या तासांनी काय हिरावून घेतले, हे पाहावयाचे असते.

ही ओढ इतकी प्रबळ का होते, याचे उत्तर माध्यमांच्या रचनेत आहे. बी. एफ. स्किनर या शास्त्रज्ञाने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले होते की, बक्षीस ठरलेल्या वेळी मिळण्याऐवजी अनियमितपणे मिळाले, तर ते मिळविण्याची धडपड अधिक चिवट होते. एखाद्या छायाचित्राला दहा जणांनी पसंती दिली, दुसऱ्याला हजारांनी, तिसऱ्याला कोणीच नाही, हा तोच प्रकार होय. त्यातच खाली सरकवीत गेल्यास पडदा कधी संपतच नाही, अशी योजना केलेली असते. पुस्तकाला शेवटचे पान असते आणि सामन्याला शेवटची शिट्टी असते. येथे थांबण्याची खूण मुद्दामच ठेवलेली नाही. २०१६ नंतर देशात आंतरजाल सेवा अतिशय स्वस्त झाली आणि ही योजना खेड्यातील वसतिगृहाच्या खोलीपर्यंत पोहोचली.

दोहोंची गाठ कोठे पडते

ज्याचा दिवस सकाळ-संध्याकाळ मैदानावर जातो, त्याला पडद्यासाठी वेळ कोठून मिळणार, असे प्रथमदर्शनी वाटते. त्यात तथ्यही आहे. नियमित सराव, ठरलेले वेळापत्रक आणि प्रत्यक्ष सोबत यांमुळे खेळाडू विद्यार्थ्याला एक नैसर्गिक संरक्षण लाभते. एकटेपणा आणि रिकामा वेळ ही आसक्तीची दोन प्रमुख दारे आहेत आणि मैदान ती दोन्ही बंद करते.

पण हे संरक्षण मैदानावर असेतोवरच टिकते. खेळाडूच्या विद्यार्थी-जीवनात तीन प्रसंग असे येतात की, मैदान अचानक त्याच्या पायाखालून निघून जाते.

पहिला प्रसंग दुखापतीचा. कबड्डी, फुटबॉल, कुस्ती यांसारख्या खेळांत गुडघ्यातील अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर पूर्ववत खेळू लागण्यास साधारणपणे नऊ महिने ते एक वर्ष लागते. काल-परवापर्यंत संघाबरोबर धावणारा मुलगा घरी खाटेवर पडून राहतो. संघ मात्र खेळतच असतो आणि त्याची प्रत्येक हालचाल त्याला पडद्यावर दिसत असते. आपल्या जागी खेळणाऱ्याला मिळणारे कौतुक तो मोजू लागतो. मग स्वतःची जुनी चलचित्रे पुन्हा प्रसृत करून आपण अजून विस्मृतीत गेलेलो नाही, याची तो खात्री करून घेतो. वर सांगितलेल्या सहा खुणांपैकी ‘दुःख विसरण्यासाठी आश्रय’ ही खूण येथे उमटू लागते.

दुसरा प्रसंग निवडीचा. आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी संघ निवडला जातो, तेव्हा प्रत्येक निवडलेल्या नावामागे न निवडली गेलेली कित्येक नावे असतात. निवडलेल्यांचे अभिनंदन गावाच्या चौकातील फलकावर आणि प्रत्येकाच्या भ्रमणध्वनीवर झळकते. न निवडलेल्या मुलीला मात्र ‘काय झाले?’ एवढाच प्रश्न दिवसातून वीस वेळा येतो.

तिसरा प्रसंग सर्वांत शांतपणे येतो आणि म्हणून त्याच्याकडे फारसे लक्ष जात नाही. तो म्हणजे पदवी. शिक्षण संपले की विद्यापीठाच्या संघाचे दार बंद होते. पुढे राष्ट्रीय पातळीवर खेळत राहणारे थोडेच असतात. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बहुसंख्य खेळाडूंना आपली ओळख मागे ठेवून नव्याने सुरुवात करावी लागते. या पोकळीतून शिखरावरचे खेळाडूही सुटत नाहीत. २००८ साली बीजिंग येथे नेमबाजीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अभिनव बिंद्रा यांनी त्या विजयानंतर आपल्या मनात निर्माण झालेल्या रितेपणाविषयी उघडपणे सांगितले आहे. ज्यांचे ध्येय पूर्ण झाले त्यांची जर ही अवस्था, तर ज्यांचे अर्ध्यावर राहिले त्यांच्याविषयी अधिकच आस्था बाळगली पाहिजे.

या तिन्ही प्रसंगी खेळ दूर जातो, पण खेळाडू म्हणून मिळणाऱ्या मान्यतेची भूक राहतेच. पडदा ती भूक तात्पुरती भागवितो. ज्याची ओळख अनेक पायांवर उभी आहे, तो थोडा डळमळून सावरतो. ज्याची ओळख एकाच पायावर उभी आहे, त्याला पडद्याचा आधार सोडवत नाही. या विषयाचा गाभा तो हाच. अर्थात, विद्यार्थ्यांकडून एकाच वेळी प्रश्नावल्या भरून घेऊन केलेल्या पाहणीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा निवाडा होत नाही. आसक्तीमुळे खेळ बिघडतो आणि खेळ बिघडल्याने आसक्ती वाढते, असे दुहेरी चक्रही संभवते, हे ध्यानात ठेवावयास हवे.

शरीर आणि मन यांवरील भार

खेळाडूच्या बाबतीत या आसक्तीचा पहिला बळी झोप असते. झोपेचा खेळाशी किती निकटचा संबंध आहे, हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासाने दाखविले. तेथील पुरुष बास्केटबॉल संघाच्या अकरा खेळाडूंना काही आठवडे रात्री दहा तास अंथरुणात घालविण्यास सांगण्यात आले. त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि मोफत फेकीतील अचूकता ९ टक्क्यांनी सुधारली. कोणताही खुराक न वाढविता केवळ झोपेने हे साधले. रात्री एक-दीडपर्यंत पडदा पाहून पहाटे पाचला मैदानावर येणारा विद्यार्थी याच्या नेमके उलट करीत असतो.

दुसरा भार मनाच्या एकाग्रतेवर पडतो. ब्राझीलमधील संशोधकांनी फुटबॉलपटूंवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, खेळापूर्वी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ भ्रमणध्वनीवर समाजमाध्यमे पाहिल्यास चेंडू कोणाकडे द्यावा, या निर्णयाची गुणवत्ता घटते. पाय थकलेले नसतात, पण मन थकलेले असते.

तिसरा भार निंदेचा. टोकियो ऑलिंपिकच्या काळात खेळाडूंना समाजमाध्यमांवर आलेल्या अपमानकारक मजकुराची पाहणी जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ती प्रसिद्ध केली. पाहणीत आढळलेल्या अशा मजकुरापैकी ८७ टक्के मजकूर महिला खेळाडूंना उद्देशून होता. आपल्याकडे धावण्याच्या पोशाखावरून, रंगावरून, बोलीवरून मुलींना काय ऐकावे लागते, याची कल्पना शिक्षकांना आहेच. पूर्वी असे बोल मैदानाच्या कुंपणापाशी राहत. आता ते उशाशी येतात.

बंदी हा उपाय का नव्हे

एवढे वाचून भ्रमणध्वनी काढून घ्यावा, असे कोणाच्याही मनात येईल. पण निवडचाचणीची सूचना, प्रवासाचे तिकीट, मार्गदर्शकाने पाठविलेले सरावाचे वेळापत्रक, प्रतिस्पर्ध्याच्या चढाईचे चित्रण हे सर्व आज याच यंत्रातून येते. ज्या तालुक्यात भालाफेकीचा मार्गदर्शक नाही, तेथील मुलगा जगातील उत्तम भालाफेकपटूंचे तंत्र पडद्यावर पाहून शिकू शकतो, ही लहान गोष्ट नव्हे. काहींना प्रसिद्धीतून उत्पन्नही मिळते. अमेरिकेत १ जुलै २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव व प्रतिमा यांच्या आधारे पैसे मिळविण्याची मुभा मिळाली आणि अनुयायांची संख्या हा तेथे मिळकतीचा भाग बनला. तेव्हा साधन नाकारून चालणार नाही. ते कोणत्या वेळी आणि कशासाठी वापरावे, याचे शिक्षण दिले पाहिजे.

त्याहून मोठे काम ओळखीचे पाय वाढविण्याचे आहे. मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी धावल्या आणि पुढे शासनाच्या महसूल सेवेत रुजू झाल्या. २०२४ साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे हे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी सांभाळून सराव करीत असत. मैदानाबाहेरही एक ओळख असल्याने त्यांच्या खेळाला कमीपणा आला नाही. राज्यात शासकीय नोकरभरतीत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी शैक्षणिक अर्हता लागते आणि परीक्षा द्यावी लागते, ही गोष्ट प्रथम वर्षातच विद्यार्थ्याला सांगितली गेली पाहिजे.

कोणी काय करावे

महाविद्यालयातील क्रीडा शिक्षक या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा आहे. जखमी खेळाडूला संघापासून तोडू नये. गुणलेखन, नवोदितांना शिकविणे, सामन्यांचे विश्लेषण अशी कामे देऊन त्याला मैदानावर येत राहण्यास कारण द्यावे. सामन्यापूर्वीचा एक तास आणि झोपण्यापूर्वीचा एक तास भ्रमणध्वनी बाजूला ठेवण्याचा नियम संघाने आपण होऊन ठरवावा आणि तो मार्गदर्शकानेही पाळावा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यापीठांत क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाची तरतूद आहे. स्पर्धांच्या नियोजनाबरोबरच दुखापत, निवड आणि निरोप या तीन प्रसंगी समुपदेशन कसे मिळेल, याचा विचार अशा मंडळांनी केल्यास फार मोठे काम होईल.

वर्गातील शिक्षकांनी खेळाडू विद्यार्थ्याला त्याच्या सामन्याखेरीज इतर गोष्टींविषयीही विचारावे. स्पर्धेमुळे बुडालेले तास भरून देण्याची सोय झाली, तर अभ्यास आपला नव्हे, ही समजूत दृढ होणार नाही.

ग्रामपंचायतींच्या बाबतीत सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाचा प्रयोग उल्लेखनीय आहे. २०२२ साली या गावाने रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व भ्रमणध्वनी बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. हा वेळ मुलांनी अभ्यासाला आणि मोठ्यांनी वाचनाला व आपसातील बोलण्याला द्यावा, असे ठरले. सुरुवातीला घरोघरी जाऊन लोकांना ते पटवून द्यावे लागले. नियम सर्वांना सारखा होता, म्हणून मुलांना तो शिक्षा वाटला नाही. व्यायामशाळा, तालीम किंवा मैदान असलेल्या गावांना यापासून पुष्कळ घेता येईल. संध्याकाळी मैदानावर दिवा असला आणि तेथे चार मोठी माणसे उपस्थित असली, तर पडद्याला तोडीस तोड स्पर्धक उभा राहतो.

सत्काराच्या पद्धतीकडेही गावाने पाहावे. पदक जिंकलेल्या मुलीचा सत्कार व्हावाच; पण दुखापतीने घरी परतलेल्या मुलाच्या दारीही सरपंचांनी एकदा जाऊन यावे. त्याच्या आईवडिलांना त्याचे मोल गावाला कळते आहे, हे समजावे.

ज्यांच्या बाबतीत आसक्तीच्या खुणा स्पष्ट दिसतात, झोप व जेवण बिघडते, निराशेचे बोल ऐकू येतात, त्यांना तज्ज्ञांकडे नेण्यास विलंब करू नये. बंगळूर येथील निमहॅन्स या राष्ट्रीय संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी २०१४ पासून स्वतंत्र उपचार केंद्र आहे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात, वसतिगृहात आणि ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर लावण्यास काहीच खर्च येत नाही.

खेळाडू घडविण्यासाठी राज्य, विद्यापीठे, पालक आणि गावे पुष्कळ झीज सोसतात. मैदाने बांधली जातात, पोषक आहार पुरविला जातो, मार्गदर्शक नेमले जातात. या सर्व खटाटोपातून केवळ पदके नव्हे, तर चांगली माणसे घडावीत, हा हेतू असतो. खेळ थांबल्यावरही स्वतःविषयी आदर बाळगू शकेल, असा तरुण मैदानावरून घरी परतला, तर तो हेतू सफल झाला असे म्हणता येईल. पडद्यावरील पसंतीचे आकडे दुसऱ्या दिवशी पुसले जातात. शिक्षकाने, मार्गदर्शकाने आणि गावाने दिलेली ओळख मात्र त्याच्याजवळ आयुष्यभर राहते, आणि ती देणे सर्वांच्या हाती आहे.